कूलर केवढ्याला घेतला आणि केवढ्याला पडला

होळी जवळ आली की नागपुरात रस्त्याच्या कडेने कूलरच्या रांगा लागतात. एकाच उंचीचे, एकाच रंगाचे दोन कूलर शेजारी उभे असतात. एकाचा भाव साडेसहा हजार, दुसऱ्याचा बारा हजार. बाहेरून फरक दिसत नाही, म्हणून सगळी घासाघीस भावावरच होते आणि दोन-तीनशे कमी झाले की सौदा जमला असं वाटतं. खरं तर कूलर विकत घेताना खिशातून जेवढे जातात, त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे तो पुढच्या काही उन्हाळ्यांत वीज, पंप, गवत आणि पत्र्याच्या डागडुजीत काढून घेतो. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न एकच: एका उन्हाळ्याला हा मला केवढ्याला पडेल?

त्याचं गणित कागदाच्या तुकड्यावर मावतं. किमतीतून मोडीत येणारे पैसे वजा करा, उरलेल्या रकमेला तो किती उन्हाळे टिकेल त्या आकड्याने भागा. त्यात एका उन्हाळ्याची वीज मिळवा, मग गवत किंवा पॅड, पंप, आणि दुरुस्ती. झालं.

आधी विजेचा खरा दर काढा

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. बिलाच्या रकमेला युनिटने भागून जो दर येतो तो सरासरी असतो, आणि कूलरला तो लागू होत नाही. महावितरणच्या घरगुती दरात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत. फ्रिज, दिवे, पंखे वर्षभर चालतातच, ते खालचे टप्पे आधीच भरून टाकतात. कूलरची युनिटं त्याच्या वर जाऊन बसतात, म्हणजे तुमच्या घरातल्या सगळ्यात महाग टप्प्यात.

फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारी ठेवा. दोन्ही रकमांमधला फरक घ्या, त्याला युनिटमधल्या फरकाने भागा. स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच असल्याने तो आपोआप कटतो आणि उन्हाळ्यातल्या जादा युनिटचा तुमच्या घरचा दर हाती येतो. मात्र मधल्या काळात दर बदलले असतील, तर नव्या बिलावरचा टप्प्याचा दर घ्या. पुढच्या हिशेबासाठी उदाहरण म्हणून 12 रुपये धरू.

दोन कूलर, एक उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 90 दिवस, रोज 12 तास, म्हणजे 1080 तास. खालच्या किमती समजण्यापुरत्या आहेत, तुम्ही आपल्या दुकानातल्या घाला.

स्वस्त कूलर 6,500 रुपयांचा. पातळ पत्रा, ॲल्युमिनियम वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेटोळ्यांची) मोटर, तीन बाजूंना गवत. चार उन्हाळे काढेल आणि मोडीत 500 रुपये येतील, म्हणजे घसारा वर्षाला 1,500. पहिल्या वर्षीचं गवत आणि पंप सोबतच येतात, पुढची तीन वर्षं बदलावे लागतात. गवत 400 रुपयांचं आणि पंप 250 चा धरला तर सरासरी 300 आणि 190. पत्र्याला ठिगळ, रंग वगैरे 300. मोटर आणि पंप मिळून 250 वॅट, म्हणजे 270 युनिट, 3,240 रुपये. एकूण 5,530.

महाग कूलर 12,000 चा. जाड पत्रा, तांब्याची मोटर, चार इंच जाडीचे हनीकोम पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार कागदी पॅड. दहा उन्हाळे टिकला आणि मोडीत हजार आले तर घसारा 1,100. पॅडचा संच 2,400 चा, दर तीन उन्हाळ्यांनी, सरासरी 720. चांगला पंप 400 चा, दहा वर्षांत चार वेळा, सरासरी 160. रंगाला 150. वीज 200 वॅटने 216 युनिट, 2,592 रुपये. एकूण 4,722.

निम्म्या भावाचा कूलर दर उन्हाळ्याला आठशे रुपयांनी महाग पडला. शिवाय दोन्हीकडे निम्म्याहून जास्त रक्कम विजेची आहे. त्यामुळे दुकानदाराशी पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घालवणाऱ्याने मोटर किती वॅटची हे एकदा तरी विचारावं.

आता हाच हिशेब भाड्याच्या खोलीत दोन वर्षं राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी करून बघा. तो रोज चारच तास कूलर लावतो आणि जाताना विकून जातो. स्वस्त कूलर दोन वर्षांनी 2,000 ला गेला तर घसारा 2,250, वीज 1,080, गवत-पंप 450 धरून वर्षाला 3,780. महाग कूलर 6,000 ला गेला तर घसारा 3,000, वीज 864, पंप 200, मिळून 4,064. इथे साडेसहा हजारांचाच योग्य. किंवा हंगामापुरता भाड्याने आणावा, शहरात तशी सोय आहे. टिकाऊपणाचे पैसे ज्याला टिकाऊपणा वापरायचाच नाही त्याने का द्यावेत?

पत्रा बघण्याची रीत

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 20 गेज साधारण 0.9 मिलिमीटर, 22 गेज 0.7, 24 गेज 0.55, आणि 26 गेज जेमतेम 0.45. बाजूच्या भिंतींना 24 चालतो, टाकीला 22 पेक्षा पातळ घेऊ नका. बरेच कूलर पुढच्या जाळीकडून दणकट असतात आणि तळाला 26 चा पत्रा असतो. पाणी तर तळालाच उभं राहणार.

बाजूच्या पत्र्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा. 'टक' करून आत गेला आणि सोडल्यावर 'टक' करून बाहेर आला, तर पातळ आहे. पाणी सोडण्याच्या भोकाची कड बघा, तिथे पत्र्याची जाडी उघडी दिसते. व्हर्निअर कॅलिपर असेल तर सोबत न्या, दुकानदार नाक मुरडेल, मोजू देईल. टाकीच्या आतल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून गेलेला असतो, तिथे रंगाचा किंवा डांबराचा जाड हात दिलेला हवा. नसेल तर गंज तिथूनच सुरू होणार. पाणी सोडायचं भोक तळाच्या सगळ्यात खालच्या जागी आहे ना, तेही बघा. बोटभर वर असेल तर तेवढं क्षारयुक्त पाणी कायम आत राहील.

प्लॅस्टिकचा कूलर गंजत नाही, आणि घरात, सावलीत ठेवायचा असेल तर तो उत्तमच. पण आपल्याकडे कूलर खिडकीबाहेर अँगलच्या स्टँडवर, पश्चिमेच्या उन्हात उभा राहतो. तीन-चार उन्हाळ्यांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पाणी भरताना कोपरा तडकतो. दुसरं म्हणजे सुट्या भागांचं. लोकल कूलरचा 18 इंची पंखा, पंप, गवताच्या जाळ्या इतवारी-गांधीबागेत कुठेही मिळतात. कंपनीच्या कूलरचा पॅड किंवा मोटर त्याच मॉडेलची लागते, आणि पाच वर्षांनी ती मिळेल का, हे आज विचारून ठेवावं लागतं.

मोटर

"कॉपर है क्या?" असं विचारलं की उत्तर नेहमी "सौ टका कॉपर" असंच येतं. बंद मोटरच्या आतलं वाइंडिंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नका. बिलावर 'कॉपर वाइंडिंग', वॅट आणि मोटरचा नंबर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली की कळून चुकतं. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून त्याच जागेत बसवलेलं वाइंडिंग जास्त तापतं. बाहेर 45 अंश असताना ते इन्सुलेशनला जड जातं. तांब्याची मोटर जळली तर रिवाइंड करणं परवडतं, ॲल्युमिनियमची सहसा फेकूनच द्यावी लागते.

दुकानात पंखा पूर्ण वेगावर चालवून बंद करा. पाती सावकाश, आवाज न करता थांबली तर बेअरिंग ठीक. घरघर करत झटक्यात थांबली तर दुसरी बघा. कूलरच्या कडेला हात ठेवा; थरथर जाणवत असेल तर पात्यांचा तोल बिघडलेला आहे, आणि अशा मोटरचं बुश लवकर जातं.

लिहिलेले वॅट खरे आहेत का, हे घरी पाच मिनिटांत कळतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, इन्व्हर्टरसकट. कूलर पूर्ण वेगावर लावा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या बाजूला 'इम्प/केडब्ल्यूएच' असं लिहून एक आकडा असतो, म्हणजे एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते; पुष्कळ मीटरवर 3200. पाच मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्याला 12,000 ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. साठ वेळा लुकलुकला असेल तर 60 गुणिले 12,000 भागिले 3200, म्हणजे 225 वॅट. बिलावर 150 लिहिलं असेल तर कूलर घेऊन तसंच दुकानात परत जा.

केवढा घ्यायचा

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणा आणि दोनने भागा. दहा बाय बारा, उंची दहा, म्हणजे 1200 घनफूट. कूलरने मिनिटाला 600 घनफूट हवा दिली पाहिजे. दुकानात हाच आकडा 'सीएफएम' म्हणून सांगतात. कागदावर ताशी घनमीटर असतील तर 1.7 ने भागा. वर स्लॅब तापणारी शेवटच्या मजल्याची खोली असेल तर दीडपट घ्या. त्यापुढे जम्बो घेऊन उपयोग नाही; जादा हवा आवाज करते, पाणी पिते आणि वीज खाते.

शिवाय जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायलाच हवी. दर 1000 सीएफएमला साधारण दोन चौरस फूट खिडकी समोरच्या बाजूला उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे लोक दोन तासांनी 'चिपचिप होतंय' म्हणून कूलरला दोष देतात. अर्थात नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस, सरून पाऊस लागला की कुठलाच कूलर काम करत नाही. हवेतच ओल असेल तर पाणी उडणार कुठे? म्हणून जुलैचा उकाडा धरून कूलर निवडू नका.

गवत की हनीकोम

मेच्या दुपारी 44 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त 23 अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात कूलर त्या 21 अंशांच्या फरकातला काही हिस्साच कमावतो. चार इंची चांगला पॅड 80 टक्क्यांच्या आसपास कमावतो, म्हणजे जाळीतून 27 अंशांची हवा येते. पातळ किंवा दबलेलं गवत 70 टक्क्यांवर आलं की तीच हवा 29 च्या पुढे. आणि पॅडचा चौथा हिस्सा कोरडा राहिला तर तेवढी बाहेरची 44 अंशांची हवा सरळ आत येते आणि एकूण मिश्रण 31 वर जातं. म्हणजे चार अंश गेले, वीज मात्र तेवढीच लागली.

हा कोरडा पट्टा बहुतेकदा महाग-स्वस्त पाहत नाही. वरच्या पाण्याच्या नळीची भोकं क्षाराने बुजतात. सुई किंवा काडी घालून महिन्यातून एकदा ती मोकळी केली की झालं. दुकानात नवा कूलर बघतानाही पाणी घालून दहा मिनिटं चालवायला लावा, पॅडवर हात फिरवा, आणि चारही कोपरे ओले झाले का बघा.

गवत स्वस्त आणि चांगलं थंडही करतं, पण खाली बसतं. वर चार बोटं फट पडते आणि हवा तिथूनच घुसते. मेच्या मध्याला जाळी काढून मूठभर गवत वर भरायची तयारी असेल तर गवत घ्यायला हरकत नाही. वाळ्याची ताटी सुगंधासाठी, आवड म्हणून. नुसत्या हिशेबात ती बसत नाही, पण सगळ्याच गोष्टी हिशेबात कशाला बसवायच्या!

हनीकोमचा जीव मात्र पाण्यावर आहे. मोठा कूलर भर दुपारी तासाला वीसेक लिटर पाणी उडवतो, दहा तासांत दोनशे लिटर. पाणी जातं, क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असतील तर दिवसाला 100 ग्रॅम, 90 दिवसांत नऊ किलो. ते टाकीत, पंपात आणि पॅडवर बसतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, डासांसाठीही ते गरजेचंच आहे. नळाचं पाणी मिळत असेल तर कूलरला तेच द्या. निव्वळ बोअरवर चालणाऱ्या घरात हनीकोम दुसऱ्याच उन्हाळ्यात दगडासारखा होतो, तिथे दरवर्षी बदलायचं गवत हिशेबात पुढे जातं. वरचं उदाहरण मांडताना तीन उन्हाळ्यांचं आयुष्य नळाच्या पाण्यावर धरलं होतं.

पंप टाकीच्या तळावर टेकवू नका, फरशीच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे गाळ ओढणार नाही. पाणी संपल्यावर कोरडा चालला की तो जळतो, आणि निम्मे पंप याच एका कारणाने जातात असं कूलर दुरुस्त करणारे सांगतात. तरंगता व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लोट, दीड-दोनशेत बसतो आणि दोन पंप वाचवतो.

जिथे काटकसर करायचीच नाही

लोखंडी टाकी, पाणी, वीज आणि ओले हात असं चौघांचं एकत्र येणं आहे. तीन पिनांचा प्लग, घरात चालू अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा ब्रेकर), यातलं काहीही वगळून कूलर घेऊ नका. हा ब्रेकर दोन-अडीच हजारांना पडतो आणि घरातल्या सगळ्याच उपकरणांना उपयोगी आहे. त्याचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढायचा. भाड्याच्या घरात अर्थिंग नसेल, तर घरमालकाशी आधी ते बोला, कूलरचा भाव नंतर.

पंखा आणि एसी

पंख्याचा हिशेब सोपा. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, 30 वॅटच्या आसपास. बैठकीत वर्षाला 270 दिवस, रोज 12 तास पंखा फिरत असेल तर 45 वॅटची बचत म्हणजे 146 युनिट, 1,750 रुपये. किमतीतला दीड हजाराचा फरक पहिल्याच वर्षी वसूल. पाहुण्यांच्या खोलीत वर्षाला 200 तास चालणाऱ्या पंख्याने मात्र जेमतेम शंभर रुपये वाचतात. तिथे जुनाच राहू द्या.

एसीच्या स्टारवर जाऊ नका, लेबलवरची वार्षिक युनिटं वाचा. स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुन्या मॉडेलचे पाच आणि नव्याचे पाच सारखे नसतात. लेबलवरची युनिटं वर्षाला 1600 तास धरून काढलेली असतात. तुम्ही रात्री आठ तास, तीन महिनेच लावणार असाल तर 720 तास होतात, म्हणजे लेबलवरचा फरक 45 टक्केच पदरात पडेल. दोन मॉडेलमध्ये 200 युनिटांचा फरक असेल तर तुमच्यासाठी तो 90 युनिटांचा. युनिटला 15 रुपये पडत असले तरी 1,350 रुपये. किमतीतला फरक सात हजार असेल तर पाच वर्षं लागतील. दिवसरात्र एसी लागणाऱ्या घरात हाच फरक दोन वर्षांत निघतो.

पैसे देताना

'एमआरपीवर 50 टक्के सूट' या वाक्यातून काहीच कळत नाही, तीच वस्तू तीन दुकानांत केवढ्याला मिळते एवढंच बघा. 'नो कॉस्ट ईएमआय' असेल तर विचारा, "भाऊ, रोख दिले तर कितीला?" रोखीत दीड हजार कमी होत असतील तर तेच त्या हप्त्यांचं व्याज, वर प्रोसेसिंग फी आणि कार्डाच्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी वेगळा. पक्कं बिल घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागता येत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना, किंवा जिल्हा ग्राहक आयोगात, पहिल्यांदा बिलच विचारतात.

कूलर फेब्रुवारीत घ्या. एप्रिलच्या शेवटी भाव चढलेला असतो, चांगला माल आधीच गेलेला असतो, आणि घाईत अंगठ्याने पत्रा दाबून बघायची सवड कोणालाच नसते.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की टाकी रिकामी करून क्षार घासून काढा, एक दिवस कडक उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवा, टाकीच्या आतल्या सांध्यांना रंगाचा हात द्या. पंप काढून साध्या पाण्यात पाच मिनिटं चालवा, कोरडा करून पिशवीत ठेवा. मोटरच्या बेअरिंगला तेलाचे दोन थेंब, पंख्यावर जुनं गोणपाट. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते आणि पत्रा पावसाळ्यातच गंजतो.